डावीकडचे पाच दात

आम्ही दंतवैद्यकीच्या कॉलेजात शिकलो तेव्हा हिरड्या तोंडात होत्या, अभ्यासक्रमात नव्हत्या. एका जाडजूड पुस्तकाच्या शेवटी त्यांच्यावर दीड पान होतं, आणि त्या दीड पानावर प्रश्न येत नाही हे वरच्या वर्गातली मुलं पहिल्याच आठवड्यात सांगून टाकत. पायरियाचा रुग्ण आला की दात हलवून पाहायचा. हलला तर काढायचा, नाही हलला तर हलेपर्यंत वाट पाहायची. एवढ्या विद्येवर आम्हाला पदवी मिळाली आणि काळे झगे घालून, ओळीत उभं राहून आम्ही ती घेतलीसुद्धा.

अपवाद एका सरांचा. ते वर्षभर विलायतेत राहून आले होते. तिकडे हिरड्यांचं वेगळं खातं असतं, वेगळे प्राध्यापक असतात, वेगळी परीक्षा असते, ही बातमी त्यांनी आणली होती. इतर प्राध्यापक त्यांना पाठीमागे 'हिरडा' म्हणत. सर मनावर घेत नसत. बाकीचे शिक्षक खुर्चीपासून चार फुटांवर उभे राहून शिकवायचे. सर बाह्या दुमडून रुग्णाच्या डोक्याशी स्टुलावर बसत आणि एका दाताच्या मुळावरचं किटण खरवडायला पाऊण तास घेत. "दात काढायला मनगट पुरतं, राखायला माणूस लागतो," असं ते एकदा म्हणाले होते. मी ते वहीत उतरवून घेतलं. त्या वयात मी बरंच काही वहीत उतरवून घेत असे.

भिलाईला नोकरी लागली म्हणून निरोप घ्यायला गेलो, तेव्हा सरांनी स्वतःची खरवडायची सहा हत्यारं खाकी कापडात गुंडाळून माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "हा विषय आज ना उद्या वेगळा होणार. झाला की पहिला व्याख्याता तू. तोवर तिथे डोळे उघडे ठेव." माझ्या वडिलांनी मला एवढं एका दमात कधी दिलं नव्हतं.

माझं गाव भंडारा जिल्ह्यातलं, घरी धानाची शेती. गावचे निम्मे तरुण भिलाईला लोखंड ओतायला गेले होते, मी दात काढायला गेलो. पहिली भट्टी पेटून दोन-तीन वर्षं झाली होती आणि कारखाना आणखी मोठा करण्याचं काम सुरू झालं होतं. सेक्टर सहातल्या माझ्या क्वार्टरमधून सायकलवर निघालं की एका बाजूला नव्या घरांच्या ओळी, दुसऱ्या बाजूला खणलेली लाल माती, आणि मधून पाहुण्यांच्या मोटारी. पाहुणे हा भिलाईचा पोलादाखालोखालचा धंदा होता. मंत्री, परदेशी इंजिनियर, शाळांच्या सहली. पाहुणे येणार म्हटलं की रस्त्याकडेच्या विटांना गेरू आणि चुना लागे, आणि फुलझाडांच्या कुंड्या ट्रकमधून पाहुण्यांच्या पुढे पुढे धावत. एका फाटकाशी पाहिलेली शेवंती पुढच्या फाटकाशी पाहुण्यांचं पुन्हा स्वागत करी. तिला कुणी ओळखल्याचं ऐकिवात नाही.

या पाहुण्यांपायी आमच्याकडे एक रीत पडली होती. कुठलंही काम पुरं करताना त्यातला एक तुकडा तसाच ठेवायचा. क्वार्टरांची ओळ रंगवली तर एक घर बिनरंगाचं ठेवायचं, रस्ता डांबरला तर दहा पावलं खडीची ठेवायची, म्हणजे 'आधी' आणि 'नंतर' शेजारी शेजारी दाखवता येतं. पाहुणा येऊन गेला की तो तुकडा पुरा होई. पाहुणा लांबला की तुकडाही लांबे. आमच्या मागच्या ओळीतला एक फोरमन अशा बिनरंगाच्या घरात बायकापोरांसह दोन पावसाळे राहिला. कुणी हळहळलं तर तो अभिमानाने सांगे, की आपलं घर दाखवायचं आहे. मी या रीतीला मनसोक्त हसत असे.

ठेकेदारांच्या मजुरांना कारखान्याच्या आमच्या दवाखान्यात अपघात झाला तरच जागा होती, आणि दात दुखणं हा अपघात नव्हे, असा नियमाचा अर्थ लावला जाई. बुधवारी दुपारी माझ्याकडे गर्दी नसे. तेव्हा मी आणि माझा कंपाउंडर नियमाकडे पाठ करून बसू लागलो. कंपाउंडर इकडचाच, छत्तीसगढी. दोन बुधवारांत त्याने बातमी बांधकामावर पोचवली आणि बाहेरच्या बाकावर रेजा येऊन बसायला लागल्या. डोक्यावरून गिट्टी-सिमेंटची घमेली वाहणाऱ्या मजूर बायकांना इकडे रेजा म्हणतात. बहुतेकींना गुडाखूची सवय होती. तंबाखू आणि गुळाचा काळा चिकट लगदा, सकाळी उठल्याबरोबर बोटाने हिरड्यांवर घासायचा. त्याने भूक मरते, तरतरी येते, आणि दात साफ झाल्यासारखे वाटतात. तिसरी गोष्ट सोडून बाकी खरं होतं.

त्यांच्यातली एक मराठी निघाली. तिशीच्या अलीकडची, गोंदियाकडची, नवऱ्यासोबत कामाला आलेली, सासूही इथेच. खुर्चीत बसण्याआधी तिने मला नीट पाहून घेतलं.

"डाक्टर, तुमी आपल्याकडचे हाव म्हनते. खरं काय?"

"भंडाऱ्याचा."

"मंग भाऊच झाले. भाऊ, दात काढाचे नाई. पहिलेच सांगून ठेवते."

कॉलेजात चार वर्षं दडवून ठेवलेली बोली माझ्या तोंडून आपसूक बाहेर पडली. "मंग आल्या कावून, बाई?"

"हालते म्हनून आली. हालाचे बंद करा."

मी हसलो, ती हसली नाही. "माही माय तिसाव्या वर्साले बोळकी झाली," ती म्हणाली. "लोकं तिले बुढी म्हनत. अन् माह्या सासूचे अजून सगळे दात हाय. माह्यासमोर बसून फुटाने खाऊन दाखवते मले. मले तिच्यासमोर बोळकं होऊन नाई बसाचं. बाकी तुमाले जे कराचं ते करा."

तोंड पाहिलं. समोरचे दात बरे होते. दाढांच्या बाजूला उजवीकडचे पाच आणि डावीकडचे पाच धोक्यात होते. मुळांवर किटणाचे थर, हिरड्या फुगून जांभळ्या, जरा बोट लागलं की रक्त. पण मुळं अजून हाडात होती. कॉलेजच्या रिवाजाने दहाही काढायचे दात. सरांच्या रिवाजाने दहाही राहणारे. मी सरांना चार पानी पत्र लिहिलं.

महिन्याच्या आत सर स्वतः आले. दुर्ग स्टेशनवर उतरले ते बोलतच. विद्यापीठाने हिरड्यांचा विषय कागदावर वेगळा केला होता. आता दिल्लीची समिती कॉलेज पाहायला येणार, तिला पटलं तर स्वतंत्र विभाग होणार, पटलं नाही तर पुन्हा दीड पान. समितीला दाखवायला रुग्ण हवे होते आणि शिकवायला अभ्यासक्रम हवा होता. "तीस व्याख्यानं तू बांध," सर सायकलरिक्षात म्हणाले. "तू इथे जे पाहतोयस ते आमच्याकडे कुणीच पाहिलेलं नाही. आणि तुझ्या जागेचं माझ्या डोक्यात पक्कं आहे."

बुधवारी त्यांनी तिचं तोंड पाहिलं. आरसा फिरवून दोन्ही बाजू पाहिल्या, पुन्हा पाहिल्या आणि म्हणाले, "सुंदर!"

"हे माह्या सासूले सांगा," ती आ वासलेल्या तोंडाने म्हणाली. कंपाउंडर हसत भांडी घासायला पळाला.

सरांनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं. "दोन्ही बाजू अगदी सारख्या आहेत. असं तोंड नशिबाने मिळतं. उजवी पूर्ण कर. खरवड, हिरडी काप, सगळं. डावीला हात लावू नकोस. एकाच तोंडात आधी आणि नंतर! समिती दोन महिन्यांत येतेय. आधी कॉलेज पाहील, मग भिलाईला येईल. भिलाई पाहायला कुणाला नको असतं? ती पाहून गेली की डावी करून टाक."

"तोवर डावीकडचे दात?"

"दोन महिन्यांत दात पळून जात नाहीत."

हे बरोबर होतं. दोन महिन्यांत जात नाहीत. शिवाय मला, कुंड्यांना हसणाऱ्या मला, त्यात काही वावगं वाटलं नाही. अर्धं रंगवून अर्धं ठेवायचं हे इतकं रोज पाहत होतो, की माणसाच्या तोंडातही ते मला व्यवस्थितपणाच वाटलं. दुसऱ्या कुठल्या गावात मी निदान एकदा तरी नाही म्हणालो असतो असं मला वाटतं. पण तसं वाटून घेणं सोपं आहे.

तिला मी म्हटलं, "पहिले हे बाजू करू, मंग ते."

"बराबर हाय," ती म्हणाली. "चावाले एक बाजू तर पाह्यजे."

कारण तिनेच दिलं. मी ते ठेवून घेतलं.

सहा बुधवार उजव्या बाजूचं काम चाललं. खरवडताना ती खुर्चीचे हात घट्ट धरून बसे आणि झालं की माझ्यावर उखडे, "भाऊ, तुमी दात घासून राहिले का पायरी?" हिरडी कापून वर लवंगेच्या तेलाचा लगदा बसवला तेव्हा आठवडाभर तिला सगळ्या जेवणाला लवंगेची चव येत होती. "सासू म्हनते, हा लवंगेचा वास कायचा, बावा, घरी लग्न हाय का?" गुडाखू तिने सोडला. ते सोडणं हिरडी कापण्याहून अवघड होतं, हे मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं. सकाळी कडुनिंबाची काडी आणि मीठ. सातव्या बुधवारी तिने पदराची गाठ सोडून फुटाणे काढले, उजवीकडे टाकले आणि मला म्हणाली, "ऐका." बाकावरच्या रेजासुद्धा ऐकायला दारात आल्या. फुटाणे चांगले कडक होते.

मी दर महिन्याला तिच्या दोन्ही बाजूंचे प्लास्टरचे साचे घ्यायचो. तोंडाचा ठसा घ्यायची पूड सर डब्यातून पाठवत. ती पाण्यात कालवून तोंडात धरायची, ती घट्ट झाली की तिच्यात प्लास्टर ओतायचं. दुर्गच्या फोटोवाल्याला बोलावून फोटोही काढले. साचे कापसात गुंडाळून, फोटोंसह, लाकडी खोक्यातून सरांकडे जात. रविवारी मी अभ्यासक्रम लिहून सरांना पाठवत असे. सातवं व्याख्यान मला सगळ्यांत आवडलं होतं: रुग्णाला समजावायचं कसं. ते मी तिच्याकडून उचललं होतं. किटण म्हणजे काय हे मी तिला दहा मिनिटं सांगत होतो. शेवटी तिनेच मला सांगितलं, "घमेल्याले सिमेंट सुकून बसलं का घमेलं जड होते, मंग कोठीतरी फुटते. रोज धुवा लागते. एवढंच ना?" एवढंच होतं.

दुसऱ्या महिन्याअखेर तार आली. समिती लांबली, डावी तशीच ठेवावी. चौथ्या महिन्यात पुन्हा तशीच तार. पाचव्यात तिने विचारलं, "भाऊ, इकडची बाजू कवा?"

"पुढच्या महिन्यात."

"ठेकेदार बी असंच म्हनते."

सहाव्या महिन्यात डावीकडे गळू झालं. मी ते फोडलं, औषध लावलं, आणि हा काही उपचार नव्हे, नुसती मलमपट्टी आहे, अशी स्वतःची समजूत घातली. सरांना लिहिलं की आता थांबता येत नाही. त्यांचं उत्तर परतटपालाने आलं. फार सुंदर पत्र होतं. विज्ञानाला धीर लागतो, समिती केव्हाही येईल, आणि तुझ्या नावाची शिफारस मी स्वतः करणार आहे. मी ते पत्र दोनदा वाचलं. आज प्रामाणिकपणे सांगायचं तर दुसऱ्यांदा वाचताना मी फक्त शेवटचं वाक्य वाचलं. तिच्या डाव्या बाजूवर मी व्याख्याता होऊन उभा राहिलो होतो. फक्त ते मला तेव्हा या शब्दांत दिसत नव्हतं.

अकराव्या महिन्यात, एका सोमवारी, कॉलेजचं छापील माहितीपत्रक आलं. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर इमारत. हिरड्यांच्या रोगांच्या स्वतंत्र विभागाचं उद्घाटन थाटात झालं होतं. दिल्लीची समिती येऊन गेल्याचा वृत्तांत होता, तारखेसह. ती सात महिन्यांपूर्वी येऊन गेली होती. म्हणजे चौथ्या महिन्यातली तार निघाली तेव्हा समितीचे पेढे खाऊन झाले होते. पुढे दोन फोटो होते, उजवी बाजू आणि डावी बाजू, खाली ओळ: कॉलेजच्या रुग्णालयातील एक रुग्ण. ते तोंड मी कुठेही ओळखलं असतं. मग अभ्यासक्रम. तिसांपैकी एकोणतीस व्याख्यानं माझी, माझ्याच क्रमाने. फक्त सातव्याच्या जागी 'दंतवैद्यकीचा प्राचीन इतिहास' होता. शेवटी शिक्षकवर्ग. व्याख्याता म्हणून परदेशातून पदवी घेऊन आलेल्या एका गृहस्थांची नेमणूक झाली होती. या विषयातली वरची पदवी हवी, अशी अट होती. विषय नवा असल्यामुळे ती देशात शिकलेल्या कुणाकडे असणं शक्य नव्हतं, आणि म्हणूनच ती अट फार काळजीपूर्वक घातलेली वाटली.

बुधवारी तिचं तोंड पाहिलं. डावीकडचे पाचही दात जिभेच्या धक्क्यानेही हलत होते. मुळं हाडातून निघून आली होती. "पुढच्या बुधवारी या," म्हटलं, रजा टाकली आणि गाडी पकडली. काहीतरी करून ते दात राखता येतील, हे सरांनाच माहीत असलं तर असेल, ही एक आशा होती. बाकी रागच होता.

विभागाची पाटी विभागापेक्षा मोठी होती. आत काचेच्या कपाटात माझे साचे ओळीने मांडले होते, महिन्यावार, अकरा जोड्या. सर मला पाहून खरंच आनंदले. त्यांचा आनंद खोटा असता तर मला सोपं गेलं असतं.

"समिती सात महिन्यांपूर्वी येऊन गेली," मी म्हणालो.

"हो रे! फार खूश झाली. साचे पाहूनच इतकी खूश झाली की भिलाईचा बेत त्यांनी रद्दच केला."

"मग मला त्यानंतर तार कशाला केली? डावी तशीच ठेव म्हणून?"

त्यांना माझा प्रश्न कळेना. वर्गातल्या मठ्ठ मुलाकडे पाहावं तसं, पण मायेने, त्यांनी पाहिलं. "अरे, डावी हीच तर खरी संपत्ती आहे. बरी झालेली हिरडी कुठेही मिळेल. उपचार न केलेली बाजू, त्याच तोंडात, दर महिन्याच्या साच्यासकट, अकरा महिने! हे किती जणांकडे असेल? मुलं या कपाटासमोरून हलत नाहीत."

"तिचे पाच दात गेले, सर. आता काही करता येईल का?"

त्यांनी अकराव्या साच्याकडे नजर टाकली. "छे. काढ आता." आणि मग, "हे बघ, ते जाणारच होते. तू नसतास तर तिचे दहाही गेले असते."

हे उत्तर चूक आहे, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

मग मी जागेचं विचारलं. आधी दातांचं विचारलं, मग जागेचं, एवढीच त्या दिवशीची माझी जमेची बाजू. सर म्हणाले, "नियम आहे, माझ्या हातात नव्हतं. पण ऋणनिर्देशात तुझा उल्लेख केलाय. 'भिलाई येथील एक स्थानिक दंतवैद्य'." दारापर्यंत सोडायला आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दात काढल्यावर जखम भरली की एक शेवटचा साचा घे आणि पाठव. मालिका पुरी होईल."

पुढच्या बुधवारी ती वेळेवर आली. मी हत्यारं मांडली नव्हती. स्टूल ओढून समोर बसलो.

"बाई, हे बाजू मी मुद्दाम ठेवली होती."

"कावून?"

"दाखवाले. दिल्लीचे साहेब येनार होते पाहाले."

"मंग आले का?"

"आले. इथं नाही आले. तिकडं कॉलेजातच पाहून गेले."

"काय पाहून गेले? मी तर इथंच होती."

"साचे पाहून गेले. त्याले सात महिने झाले. मले आत्ता कळलं. माह्या सरानं मले सांगितलं नाही."

डावा गाल तिने आतून जिभेने दाबला, ती हल्ली सारखं तसं करायची. "म्हंजे तुमाले त्या साहेबानं फसवलं."

"हाव."

"अन् मले?"

मागे कंपाउंडरच्या हातातलं भांडं धुवायचं थांबलं. मी उत्तर जुळवत होतो आणि प्रत्येक उत्तरात सर येत होते.

"मी तर समजून राहिली होती, चावाले ठेवली," ती म्हणाली. "माह्या सासूले बी तसंच सांगितलं." तिने पदर खोचला आणि उठली.

"बसा बाई. ते दात आता काढा लागन. दुखू देनार नाही."

"राहू द्या."

पुढच्या बुधवारी बाकावर कुणीच नव्हतं. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या बुधवारी मी दोनदा बाहेर डोकावलो तेव्हा कंपाउंडर खिडकीबाहेर बघत म्हणाला, "नहीं आएँगी, साहब." सायकल काढली आणि बांधकामावर गेलो.

जेवणाची सुट्टी होती. नव्या भट्टीच्या पायाशी लोखंडी सळ्यांच्या सावलीत दहा-बारा रेजा डबे उघडून बसल्या होत्या. ती मध्ये होती. डावा गाल बसला होता. तेवढ्यानेच ती दहा वर्षांनी मोठी दिसायला लागली होती.

"कोणाकडं काढले?" मी विचारलं.

"दुर्गच्या बजारात बसते ना एक, चादर टाकून. त्याच्याकडं."

मी त्याला पाहिला होता. चादरीवर उपटलेल्या दातांचा ढीग, एक चिमटा, एक तांब्या. "पाचही एकाच दिवशी? सुन्न केलं तरी का त्यानं?"

"नाई. लय दुखलं." ती भाकरीचा तुकडा उजवीकडे सरकवत म्हणाली. "पर त्यानं विचारलं, कोनते काढू. मी बोटानं दाखवले. त्यानं तेवढेच काढले."

शेजारची एक बाई खाली मान घालून हसली, की खोकली. मी उन्हात उभा होतो, बस असं कुणी म्हटलं नव्हतं.

"उजवी बाजू तीन-तीन महिन्यांनी साफ करा लागते, बाई. नाही तर ते बी जाईन. बुधवारीच या असं नाही, कवाही या. मी काही घेनार नाही, साचा नाही, फोटो नाही."

"पाहीन मी माहं."

"ते बाजू चांगली झाली हाय. जाऊ देऊ नका."

"चांगली हाय म्हनूनच नाई येत," ती म्हणाली. भोंगा झाला. बायका उठल्या. तिने चुंभळ डोक्यावर ठेवली, दोघींनी घमेलं उचलून दिलं, आणि ती फळीवरून वर चढत गेली. इतर सगळ्या वळून पाहत होत्या, तिने पाहिलं नाही.

ती पुन्हा आली नाही. बाकीच्याही आल्या नाहीत. बुधवारच्या दुपारी मी नियमाप्रमाणे मोकळा बसू लागलो. काही दिवसांनी सरांचं पत्र आलं. नव्या वर्गाची सुरुवात आहे, शेवटचा साचा लवकर पाठव. त्यांना मी पहिल्यांदाच पोस्टकार्ड लिहिलं, एरवी पाकीट असायचं. लिहिलं, की रुग्णाने तोंड उघडायला नकार दिला आहे. कंपाउंडरने ते जाताना पेटीत टाकलं. त्या कपाटातली मालिका म्हणून अकराव्या महिन्यावर थांबते. बाराव्याच्या रिकाम्या जागेबद्दल मुलांना काय शिकवतात, मला माहीत नाही.